आंतरराष्ट्रीय विकास विषयातील एक वर्षाची पदव्युत्तर पदवी : कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

इंग्लंडमधील एका विद्यापीठात मी सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात 'आंतरराष्ट्रीय विकास' या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे विद्यापीठाचे नाव देत नाही. एकूण १८० क्रेडिट, त्यांपैकी एक तृतीयांश प्रबंधाची. वर्ष म्हटले तरी वर्ग भरतात ते दोन सत्रांतच आणि उन्हाळा प्रबंधात जातो. त्याआधी चार वर्षे मी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेत होते, त्यामुळे हे परीक्षण त्याच नजरेने लिहिलेले आहे.

संस्थेत देणगीदारांसाठी दर तिमाहीला 'लॉगफ्रेम', म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टे आणि त्यांमागची गृहीतके मांडणारा तक्ता, भरण्याचे काम माझ्याकडे असे. चार ओळी आणि चार रकाने. शेवटचा रकाना गृहीतकांचा, आणि त्यात मी इमानेइतबारे 'पाऊस सरासरीइतका होईल' असे लिहीत आले होते. हा तक्ता १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तयार झाला, तोही प्रकल्पांची उद्दिष्टे मोघम असतात आणि जबाबदारी नेमकी कोणाची हे कळत नाही या तक्रारीतून, हे मला वर्गात पहिल्यांदा समजले. म्हणजे व्यवस्थापकाच्या हाताबाहेरचे जे काही असेल ते शेवटच्या रकान्यात टाकायचे, आणि आष्टीत नेमके तेच सर्वांत मोठे असते. चार वर्षे जे यंत्रवत केले, ते कोणी, कधी आणि कशासाठी ठरवले हे कळणे, ही या पदवीची खरी कमाई आहे.

दुसऱ्या सत्रात दुष्काळावरील एका तासाला १९७० ते १९७३ चा महाराष्ट्र वाचनाला होता. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि पिके बुडूनही मोठी भूकबळीची लाट आली नाही, म्हणून हा दुष्काळ जगभरच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा, त्यासाठी पगारदारांकडून घेतलेला व्यवसाय कर, आणि २००५ चा देशव्यापी कायदा, अशी साखळी प्राध्यापिकांनी उत्तम उलगडून दाखवली. त्या रात्री मी आजीला फोन केला. ती त्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिला कायदा ठाऊक नव्हता. तिला आठवत होती ती कामावर खायला मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची घशाखाली न उतरणारी भाकरी, आणि ढिगाचे मोजमाप कमी धरून मजुरी कापणारा मुकादम. पुढच्या तासाला मी मुकादमाचा मुद्दा मांडला, तेव्हा केनियाच्या वर्गमित्राने आपल्या जिल्ह्यातील असाच अनुभव सांगितला आणि चर्चा तासभर लांबली. असे तास वर्षभरात चार-पाचच झाले.

ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्यावरचा भागही आवडला. विकासाचे अधिकारी डांबरी रस्त्याकाठची गावे पाहतात, तीही पावसाळा उलटल्यावर, आणि बोलतात ते बहुधा पुरुषांशीच, हे त्यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवले आहे; आमच्या संस्थेची पाहुणेमंडळी आजही नोव्हेंबरातच येतात.

आता तक्रारी. माहितीपत्रकात झळकणारी क्षेत्रभेट प्रत्यक्षात ऐच्छिक निघाली आणि तिचे पैसे वेगळे मागितले. प्रबंधाच्या मार्गदर्शकांची भेट महिन्यातून अर्धा तास मिळे. संख्याशास्त्राचा भाग इतका उथळ होता की गावातील साठ कुटुंबांची पाहणी नीट कशी करावी, हे मला शेवटी स्वतःच वाचून शिकावे लागले.

नोकरीबाबत स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आम्ही वर्गात असतानाच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ब्रिटिश सरकारने परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. प्रबंध लिहीत असताना, १ जुलैला, यूएसएडचे कामकाज संपुष्टात आले. करिअर कक्षाची नोकरी देणाऱ्या संस्थांची यादी मात्र तशीच राहिली. शिवाय शिक्षणानंतर तेथे राहून काम शोधण्याचा व्हिसा दोन वर्षांचा होता; जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळणार आहे.

शुल्क वीस हजार पौंडांच्या पुढे जाते आणि राहण्याचा खर्च वेगळा. निम्मा भार शिष्यवृत्तीने उचलला म्हणून मी गेले. पूर्ण रकमेचे कर्ज काढून जाण्यास मी कोणालाही सांगणार नाही. दोन वर्षांचा कामाचा अनुभव असेल तर ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहावी. पदवीनंतर लगेच, एकाही गावात काम न करता, हा अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी आधी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील शैक्षणिक परिसराची माहिती काढावी. माझ्या वर्गात अनुभव नसलेले अनेक जण होते, आणि लॉगफ्रेमच्या तासाला ते कंटाळून खिडकीबाहेर पाहत बसत, यात त्यांचा दोष नव्हता.