रेडिमेड वॉल फिलर पेस्ट: भेगांसाठी उत्तम, निघालेल्या गिलाव्यासाठी अपुरी

डब्यात तयार मिळणारी फिलर पेस्ट खिळ्यांची भोकं आणि केसाएवढ्या भेगा बुजवायला खरोखर चांगली आहे. कालवायची भानगड नाही, थर गुळगुळीत बसतो, घासायला सोपी जाते. पण तळहाताएवढा गिलावा निघून आला असेल, तर एकट्या डब्यावर भागत नाही.

कारण साधं आहे. ही पेस्ट पाणी उडून सुकते, आणि पाणी उडालं की आकसते. 10 मिमीचा खड्डा एका दमात भरला तर वरची साय आधी कडक होते, आत माल ओलाच राहतो, आणि काही दिवसांत कडेने बारीक चीर उमटते. एका वेळी 2-3 मिमीच भरायची आणि थर पूर्ण सुकल्यावरच पुढचा द्यायचा. खोल खड्ड्याला यात दिवस जातात.

जिप्समची पावडर, म्हणजे पीओपी, इथे सरस ठरते. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते, त्यामुळे आकसत नाही, उलट किंचित फुगून कडांना घट्ट धरते. म्हणून खड्ड्याचा खोल भाग पावडरने भरावा आणि वरचे 1-2 मिमी पेस्टने. आमच्या मते डब्याचा खरा उपयोग हाच.

भरण्याआधी खड्ड्याभोवती बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज येतो तेवढा गिलावा छिन्नीने काढा, जीव अडकवू नका. कडा आत तिरक्या कोरा, म्हणजे नवा माल अडकून बसेल. धूळ ब्रशने झाडा आणि जागा ओली करा, पण पाणी ओघळू देऊ नका. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. कोरडा जुना गिलावा नव्या मालातलं पाणी शोषून घेतो, मग तो नीट घट्ट होत नाही. नखाने खरवडलं तरी पूड निघते.

10 बाय 10 सेंमीच्या, 10 मिमी खोल खड्ड्यात 100 मिली माल मावतो. साधारण 100 मिली पाण्यात 150 ग्रॅम पीओपी घेतली की पुरून उरते. पिशवीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. आधी पाणी, मग पावडर भुरभुरवा, मिनिटभर भिजू द्या आणि मगच ढवळा. भांडं स्वच्छ हवं, कारण आदल्या मालाचे चिकटलेले कण नव्याला भराभर घट्ट करतात. माल आवळू लागल्यावर पाणी घालून सैल करायचा मोह होतो. तसं केलं की जमलेले स्फटिक मोडतात आणि थर कमजोर राहतो. असा आवळलेला माल टाकून द्या.

पावडरचा थर भिंतीच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा, ओला असतानाच त्यावर रेघोट्या ओढा. तो सुकला की पेस्ट चढवा. काही डब्यांसोबत येणारी प्लास्टिकची पट्टी बाजूला ठेवा: ती वाकते आणि मधला माल खरवडून नेते, तिथे खळगा उरतो. खड्ड्याहून रुंद, स्टीलचा पत्रा घ्या, म्हणजे दोन्ही टोकं चांगल्या भिंतीवर टेकतात. सुकल्यावर 150 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा. टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला की उंचवटे लगेच दिसतात. मग प्रायमर हवाच. नाहीतर ठिगळ रंग जास्त पितं आणि तेवढाच भाग निस्तेज दिसतो.

ओल येणाऱ्या भिंतीला, बाथरूमला किंवा बाहेरच्या बाजूला जिप्सम लावू नका. पाण्याने ते मऊ पडतं. तिथे आधी गळती थांबवा, मग एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेल्या वाळूचा गिलावा करा आणि सात दिवस ओला ठेवा. जुन्या जिप्समवर मात्र सिमेंट चढवू नका. ओलीत दोघांची क्रिया होऊन थर फुगतो आणि सुटतो.

उरलेल्या पेस्टचा पृष्ठभाग सपाट करून त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि झाकण घट्ट लावा. कडेला वाळलेले खडे पुन्हा डब्यात ढकलू नका, पुढच्या वेळी पत्र्याखाली येऊन ते प्रत्येक थरावर ओरखडे पाडतात.