लाँजचा सेट: पट्टी चांगली, चाबूक तोकडा, मिनिटांचा हिशेब आपला

घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवण्याच्या या सेटच्या पिशवीत पाच वस्तू निघतात: नाकपट्टीवर तीन कड्या असलेलं कॅव्हेसन (डोक्यावर चढवायचा साज), आठ मीटरची सुती पट्टी, पाठीवर आवळायचा पट्टा म्हणजे रोलर, कडियाळापासून (तोंडातल्या लोखंडापासून) रोलरपर्यंत बांधायच्या साइड रेनची जोडी आणि चाबूक. कानपुरी बनावटीचा हा सेट बिननावाचाच असतो. शिक्का नाही, माप लिहिलेलं नाही, कसा वापरायचा याची चिठ्ठी तर नाहीच. ती चिठ्ठी नसणंच सगळ्यात महागात पडतं.

नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून मार्गशीर्षात घोडा आणायचा, आठवडाभर अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या बाजूने बांधायचे दोर) लावून उभा ठेवायचा आणि रविवारी डांबरी सडकेवर भरधाव सोडायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. सहा दिवसांची कोंडलेली ताकद अर्ध्या तासात बाहेर पडते, पाय सुजतात, आणि 'घोडा मस्तवाल आहे' म्हणून आणखी कडक कडियाळ येतं. त्याला हवं असतं रोजचं, मोजून दिलेलं काम. पाठीवर स्वार न बसता लांब दोरीवर गोल फिरवणं, म्हणजे लाँज, हा त्यातला एक भाग.

कॅव्हेसन हा सेटमधला खरा दागिना. चामडं जाड, नाकपट्टीत पोलादी पट्टी, खाली नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर. अडचण मापाची आहे. हे कॅव्हेसन मोठ्या तोंडाच्या घोड्यांसाठी कापलेलं असतं. मारवाडी, काठियावाडी घोड्यांची तोंडं निमुळती. नाकपट्टी शेवटच्या भोकावर आवळली तरी सैल राहते. मोच्याकडून दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं वाढवून घ्या, तेही एक-एक इंचावर. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली बसावी. त्याहून खाली गेली की मऊ कुर्चेवर दाब येतो, श्वास अडतो आणि घोडा मान झटकू लागतो. नाकपट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. जबड्याची पट्टी मात्र चांगली बसती ठेवा, कारण ती ढिली राहिली तर लाँजची पट्टी ओढली जाताच अख्खं कॅव्हेसन फिरतं आणि बाहेरच्या बाजूचा गालपट्टा डोळ्यात जातो. म्होरकीवर लाँज केल्यावर घडतं ते हेच. मारवाडी कानांची टोकं आत वळलेली असतात, म्हणून डोक्याची पट्टी चढवताना एकेक कान हाताने पुढे घेऊन अलगद सोडवावा. तिथे घाई केली की पुढचे पंधरा दिवस घोडा डोक्याला हात लावू देत नाही.

लाँजची पट्टी मधल्या कडीलाच अडकवा. कडियाळाच्या कडीत अडकवली तर प्रत्येक ओढीला लोखंड तोंडातून एका बाजूला सरकतं.

पट्टी सुती आहे हे उत्तम. नायलॉन तळहातातून सरकली की कातडी सोलते. सुती पट्टीही सोलते, फक्त जरा कमी. हातमोजे सेटमध्ये नाहीत, ते घ्यावेच लागतील. पट्टी हातात नागमोडी घड्या घालून धरा, मनगटाला किंवा तळहाताला गुंडाळू नका. उधळलेल्या घोड्यापुढे बोटं टिकत नाहीत. टोकाची फिरकी वाळूने जाम होते आणि मग पट्टीला पीळ पडतो. आठवड्याला एकदा केरोसीनने धुऊन तेलाचा थेंब सोडला की मोकळी होते. पावसाळ्यात सूत पाणी पितं, जड होतं आणि पट्टीला झोळ पडतो. वाळवल्याशिवाय पिशवीत घालू नका, बुरशी धरते.

रोलरखाली जाड सुती गादी हवीच, नाहीतर कण्यावर थेट दाब येतो. आधी हलका आवळा, पाच मिनिटं चालवा, मग एक भोक पुढे घ्या. एका दमात आवळलेला रोलर घोडा पाठ कमानीसारखी करून फेकून द्यायला बघतो.

साइड रेन हा सेटचा कच्चा दुवा. रबरी कड्या मराठवाड्याच्या उन्हात कडक होतात, भेगाळतात, आणि अर्ध्या कामात तुटलेली साइड रेन घोड्याच्या पायात येते. प्रत्येक वेळी रबर ताणून बघा. लांबीही कमी आहे. नवख्या घोड्यासाठी एक वीतभर पट्टी जोडावी लागते. साइड रेन साध्या जोड-कडियाळालाच (मधोमध सांधा असलेल्या) लावायच्या. काटेरी कडियाळ तर तोंडात असूच नये. ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत त्याला बंदी आहे. साइड रेन रोलरवर खांद्याच्या टोकाच्या उंचीला बांधा आणि इतकी लांब ठेवा की घोड्याचं नाक कपाळाच्या पुढेच राहील. चालीत त्या सोडून टाका, कारण चालताना मान खालीवर हलते आणि आखडलेल्या रेन ती लय मोडतात. आखूड साइड रेनची खूण कानाने ओळखता येते. चालीचे चार ठोके स्वच्छ वाजायला हवेत. ते दोन-दोन जोडून वाजू लागले की घोडा आखडला. रवाल (झुलत्या, वेगवान चालीच्या) घोड्याच्या बाबतीत तर अधिकच जपा, त्याची मुळातली चाल बिघडवणं फार सोपं आहे.

चाबूक घेऊ नका म्हटलं तरी चालेल. दांडा आणि दोर मिळून तो मागच्या पायापर्यंत पोहोचत नाही, म्हणून माणूस पुढे सरकतो आणि वर्तुळ लहान होतं. लांब बांबूला हलकी दोरी बांधली तर काम भागतं. तो मारायला नसतो, मागच्या ढोपराकडे दिशा दाखवायला असतो. पट्टी नाकाकडे, चाबूक मागच्या पायाकडे, माणसाचं पोट तंगाच्या (घोड्याच्या पोटपट्ट्याच्या) रेषेला: हा त्रिकोण मोडला की घोडा आत येतो किंवा बाहेर ओढतो.

आता मिनिटं. आठ मीटरच्या पट्टीतला मीटरभर हातात राहतो, हात लांब केल्यावर वर्तुळ साधारण १५ मीटर व्यासाचं होतं, म्हणजे एक फेरी ४७ मीटरची. दुडकीचा वेग मिनिटाला २२० मीटर धरला तर तीन मिनिटांत १४ फेऱ्या. दुडकीला घड्याळ बघायची गरज नाही, फेऱ्या मोजा. सहा मिनिटं चाल, दोन्ही बाजूंना तीन-तीन. मग दुडकी डावीकडे १४, उजवीकडे १४. मग तीन मिनिटं चाल आणि दुडकी अर्ध्या-अर्ध्या फेरीला बदलत. मोठ्या, तयार घोड्याला दोन्ही बाजूंना दीड फेरी कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची धाव. शेवटी चार मिनिटं चाल. एकूण वीस. त्यापुढे जाण्यात शिकवणूक काही नाही, सांध्यांवर ताण तेवढा वाढतो. तीन वर्षांखालच्या शिंगराला तर हे नकोच. रोज एकच गोष्ट ठरवून मैदानात उतरा: आज थांबणं, उद्या उजवीकडचं वळण. ती नीट जमली की त्याच क्षणी थांबवा, बारा मिनिटं झाली असली तरी.

आठवड्यात लाँज दोनदा पुरे. मंगळवारी आणि शुक्रवारी वीस मिनिटं लाँज, शुक्रवारी त्यानंतर पंधरा मिनिटं मांड ठोकून चाल. बुधवारी चाळीस मिनिटं चाल-दुडकीची स्वारी, गुरुवारी आणि शनिवारी शेतरस्त्यावर सैल लगामाने फिरणं, रविवारी लांब रपेट. सोमवारी हातात धरून चरायला नेणं एवढंच. रविवारच्या दौडीचा दुसरा दिवस रिकामा ठेवणं कुणाला पटत नाही, पण पायाची सुजलेली शीर (कंडरा) सोमवारीच दिसते.

जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून पंधरा सेकंदांचे ठोके मोजा, चारने गुणा. काम संपल्यावर दहा मिनिटांनी ते साठच्या खाली यायला हवेत. आले नाहीत तर पुढच्या वेळी दुडकी निम्मी. चंदी (दाणा) घोडा शांत झाल्यावर, तासाभराने. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळी सातच्या आत सगळं उरका.

जमिनीबद्दल सेट काही करू शकत नाही. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगांत टाप अडकते, पावसाळ्यात चिखल नाल उपटतो. खडे वेचलेला, दाबलेला मुरूम आणि वर दोन-तीन इंच वाळू, हे बरं. चार इंचांपुढे गेलात तर पायांच्या शिरा (कंडरा) ताणल्या जातात. गोदावरीच्या वाळूचे भाव बघता जास्त टाकायचा मोह कुणाला होणारही नाही.

पैसे जपून खर्चायचे असतील तर सेट घेण्याऐवजी कॅव्हेसन आणि सुती पट्टी सुटी घ्या, साइड रेन पहिले तीन महिने लागतच नाहीत. रोलरही तोपर्यंत नको.