दूरशिक्षणातील मानवी भूगोल : एका अभ्यासक्रमाचा अनुभव
नोकरी सांभाळून एका विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागातून मी प्रथम वर्ष कला शाखेचा मानवी भूगोल हा विषय पूर्ण केला. अभ्यासपुस्तिकेतील सर्वांत सरस प्रकरण स्थलांतराचे आहे. बहुतेक लोक कमी अंतरावरच स्थलांतर करतात, हा भूगोलतज्ज्ञ रॅव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये मांडलेला नियम समजावताना बीडहून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचे उदाहरण घेतले असून, पट्टा पडताच, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपताच, गावी परतणाऱ्या या माणसांना स्थलांतरित म्हणावे का, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे मोकळा ठेवला आहे. (माझ्या मते म्हणावेच.) निसर्गच माणसाचे जीवन घडवतो हा रॅट्झेल यांचा निसर्गवाद आणि निसर्ग केवळ शक्यता देतो, निवड माणूस करतो हा व्हिडाल द ला ब्लाश यांचा संभववाद मात्र परीक्षेपुरता उरकला आहे. लोकसंख्येची आकडेवारी २०११ ची आहे. पण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नसल्याने तो दोष पुस्तिकेच्या माथी मारता येणार नाही. खरी तक्रार नकाशांची आहे. ते इतके फिकट छापले आहेत की, जिल्ह्यांच्या सीमा पाहण्यासाठी मला मुलीचा शालेय नकाशासंग्रह शेजारी ठेवावा लागला. रविवारची संपर्क सत्रे उपयुक्त होती, परंतु त्यांपैकी दोन ऐन वेळी रद्द झाली.