लग्नाचे पाहुणे उतरवायचे कुठे: बारा वाजताचं हॉटेल की चोवीस तासांचं?

कोल्हापुरात लग्न धरलं की कार्यालय आणि आचारी लवकर ठरतात. अडतं ते बाहेरगावच्या पाहुण्यांच्या खोल्यांपाशी. कार्यालयाच्या खोल्या नवरा-नवरी, करवल्या आणि रुखवताच्या सामानातच भरून जातात. उरलेल्यांसाठी दोन पर्याय राहतात. एक, ताराबाई पार्काकडची मोठी हॉटेलं, जिथे खोलीचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि बारालाच संपतो. दुसरा, स्टेशन रोड आणि अंबाबाईच्या देवळाजवळची मध्यम हॉटेलं आणि लॉज. त्यांतल्या काही ठिकाणी अजून चोवीस तासांचा हिशोब चालतो: खोलीत पाऊल टाकलं की तिथून पुढे चोवीस तास.

सोयी बघितल्या तर मोठं हॉटेल उजवं आहे, त्यात वाद नाही. लिफ्ट, जनरेटर, सकाळचा नाश्ता, गाड्या लावायला जागा. ज्याच्या घरचे पाहुणे आपापल्या गाडीने दुपारनंतर येणार आहेत, त्याने फार विचार करूच नये.

पण मुंबईचे पाहुणे महालक्ष्मी एक्सप्रेसने येतात. ती गाडी सकाळी सात-साडेसातला कोल्हापूर गाठते. रात्रभराचा प्रवास, अंघोळ नाही, आणि हॉटेलात खोली बारा वाजता. मेव्हण्याच्या घरच्या लग्नात हे मी जवळून पाहिलं. लॉबीतल्या सोफ्यावर सत्तरी ओलांडलेल्या आत्या, शेजारी त्यांची गोळ्यांची पिशवी. त्यांना अंघोळ करून अंबाबाईला जायचं होतं. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे एवढंच सांगत होता, ‘‘मॅडम, रूम क्लीनिंग चालू आहे.’’ साडेदहाला एक खोली मिळाली, तिच्यात सहा बायका आळीपाळीने तयार झाल्या. त्या मुलाची चूक नव्हती, आदल्या रात्रीचे लोक अजून खोल्यांत होते. पण आपल्या घरच्या कार्याला आलेलं म्हातारं माणूस असं ताटकळत बसलेलं मला बघवलं नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी माझा निर्णय तिथूनच झाला.

दुसऱ्या टोकाला हीच अडचण आणखी जाचक होते. आपल्याकडे मुहूर्त बाराच्या आगेमागे असायचाच. मंगलाष्टकं चालू असताना कुणी तरी उठून खोली रिकामी करायला जायचं, की बॅगा सकाळीच कार्यालयात आणून टाकायच्या? तेव्हा पैशांचा हिशोब नीट मांडून बघा. सीमांतपूजनाच्या दिवशी सकाळी साडेसातला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी रात्रीच्या महालक्ष्मीने परत निघतो. चोवीस तासांच्या हिशोबात हे दोन दिवसांचं भाडं. बाराच्या हिशोबात त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत हक्काची खोली द्यायची, तर तीन रात्री धरायला लागतात. काही मॅनेजर ओळखीने सकाळी लवकर खोली देतात, पण ‘बघू, रिकामी असली तर’ या शब्दावर मी वीस माणसं आणणार नाही.

चोवीस तासांच्या ठिकाणी मात्र एक खरी गोम आहे. आधीचा गिऱ्हाईक संध्याकाळी आला असेल, तर तोही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली अडवू शकतो. त्यामुळे बुकिंगची पावती हातात असूनही सकाळी खोली नसते. यावर मी केलं ते असं: सुटी-सुटी खोली न घेता अख्खा मजला घेतला, अ‍ॅडव्हान्सच्या पावतीवर ‘सकाळी 7 पासून’ असं लिहून घेतलं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः जाऊन खोल्या बघितल्या. हे बोलणं काउंटरवर समोरासमोर करावं. अ‍ॅपवरून त्याच लॉजची खोली घेतली तर अ‍ॅपवर लिहिलेली वेळच लागू होते, आणि ती बहुधा बाराची असते.

बाकी उणिवा आहेतच. गरम पाणी ठरावीक वेळेतच, टॉवेल मोजून, नाश्ता बाहेर. मिसळ खायला लोक हौसेने बाहेर पडतात, पण म्हाताऱ्यांच्या सहाच्या चहाची सोय आधी सांगून ठेवावी लागते. शनिवार-रविवारी देवदर्शनाची गर्दी असल्यामुळे देवळाजवळचे दर चढतात, तेव्हा मुहूर्त निघाला की लगेच खोल्या धरलेल्या बऱ्या. दर विचारताना टॅक्स धरून की वेगळा, हेही विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, पण जुन्या टक्केवारीने मांडलेलं कोटेशन समोर आलं तर बोलून घ्यावं.

सगळ्यांना एकाच छपराखाली ठेवण्याचा हट्टही मी धरला नाही. गुडघ्यांचा त्रास असलेले, तान्ही मुलं घेऊन आलेले आणि परदेशातून येणारे, यांच्यासाठी मोठ्या हॉटेलात मोजक्या खोल्या आदल्या रात्रीपासूनच घेतल्या. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांची माहिती हॉटेलला सरकारकडे कळवावी लागते, आणि मोठ्या हॉटेलांच्या हाताला ते काम बसलेलं असतं. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आधी मागवून ठेवल्या की काउंटरवर खोळंबा होत नाही. नागपूरकडून महाराष्ट्र एक्सप्रेसने येणारे दुपारी पोचतात, त्यांनाही बारा वाजताचं हॉटेल चालून जातं. म्हणून खोल्यांचा आकडा ठरवण्याआधी वहीत प्रत्येक नावापुढे गाडी आणि पोचण्याची वेळ लिहावी. ज्या घरातली बहुतेक नावं सकाळच्या महालक्ष्मीपुढे येतील, त्याने आधी स्टेशन रोडवर चौकशी करावी असं मला वाटतं.