दर महिन्याला दहा किलोमीटर, की हंगामात एकच हाफ?

मोठ्या शहरात हंगाम सुरू झाला की जवळपास दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते. मी एक हंगाम दहा किलोमीटरच्या शर्यतींवर काढला, पुढचा एकाच हाफ मॅरेथॉनवर.

दहाचा मोठा फायदा म्हणजे चुकायला वाव. पहिल्याच शर्यतीत गर्दीबरोबर सुसाट सुटलो आणि सातव्या किलोमीटरला पार ढेपाळलो. चार आठवड्यांनी तीच चूक सुधारता आली. पायही तीन-चार दिवसांत मोकळे होतात. डोकेदुखी अंतराच्या हिशेबाची. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा जीपीएस भरकटतो. शिवाय अधिकृत मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या वाटेने, आणि आपण पळतो गर्दीच्या बाहेरून. मग रेषा ओलांडताना घड्याळ 10.18 किलोमीटर दाखवतं आणि आपण उगाच आयोजकांच्या नावाने बोटं मोडतो!

हाफ, म्हणजे 21.0975 किलोमीटर, हे प्रकरणच वेगळं. दहा-बारा आठवडे लांब धाव चुकवायची नाही, आणि सगळा डाव एका सकाळवर. त्या सकाळी उकाडा असला की संपलंच. पंधराव्या किलोमीटरनंतर मला बिबच्या, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदाच्या, चारही सेफ्टी पिना टोचायला लागल्या होत्या. पण अंधारात सुरू केलेल्या लांब धावा, निम्म्यावर उजाडणं, हे दहाच्या तयारीत फारसं मिळालं नाही.

नोकरी सांभाळून पळणाऱ्याला मी दहाच सुचवेन. स्वतः मात्र यंदा पुन्हा हाफचंच नाव नोंदवलंय.