काळी सायकल की जुनी गिअरची? रोजच्या वापरासाठी एक तुलना

पुण्यातल्या अनेक जुन्या घरांत जिन्याखाली दोन सायकली उभ्या असतात: एक आजोबांच्या वेळची अठ्ठावीस इंची काळी आणि दुसरी मुलांनी कॉलेजात असताना वापरलेली सव्वीस इंची गिअरची. कामावर रोज जाण्यायेण्यासाठी कमी देखभालीची साधी सायकल हवी असेल, तर यांपैकी कोणतीवर खर्च करावा, असे मला बरेच जण विचारतात. दोन्ही मी स्वतः दुरुस्त करून वापरल्या आहेत. माझे मत गिअरच्या सायकलीचे गिअर काढून टाकण्याच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर, जिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

काळ्या सायकलीचे खरे बळ तिच्या चेनकव्हरमध्ये आहे. चेन पूर्ण झाकलेली असेल, तर पावसाळ्यातला चिखल तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तेल टिकते आणि पँटही खराब होत नाही. मडगार्ड, कॅरिअर आणि दणकट स्टँड तर मुळातच असतात. उणी बाजू ब्रेकची आहे. दांड्यांचे ब्रेक रबर वर खेचून पोलादी रिमच्या आतल्या बाजूवर दाबतात, आणि ओल्या पोलादावर रबराची पकड फारच कमी होते. पहिल्याच पावसात मी सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबला, तेव्हा सायकल पांढऱ्या पट्ट्या ओलांडून पुढे गेली. गर्दीच्या रस्त्यावर हा धोका मला पत्करण्यासारखा वाटत नाही. शिवाय पॅडलची दांडी कॉटर पिनने, म्हणजे एका बाजूने सपाट असलेल्या खिळीने, बसवलेली असते. पिनचा सपाट भाग झिजला की प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा हिसका पायाला जाणवतो आणि पिन ठोकून बदलावी लागते.

गिअरच्या सायकलीला अॅल्युमिनिअमच्या रिम आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे केबलचे ब्रेक) असतील, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. पुढचा-मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), गिअरच्या केबल आणि हँडलवरचे खटके काढून टाकले, की बिघडणाऱ्या निम्म्या वस्तू जातात. स्वस्त सायकलींमध्ये मागचे गिअर आट्यांवर फिरवून बसवलेले असतात. ते उतरवून त्याच आट्यांवर एका चक्राचा फ्रीव्हील (पॅडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) बसतो. इथे घाई करू नये. मागचे चक्र आणि पुढचे चक्र एका सरळ रेषेत यावे म्हणून एक्सलवरचे (चाकाच्या मधल्या दांड्यावरचे) स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या कड्या, चेनच्या बाजूने काढून दुसऱ्या बाजूला घालावे लागतात, आणि मग स्पोक पिळून रिम पुन्हा मध्यावर आणावी लागते. काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण त्यानंतर दोन्ही बाजूंच्या स्पोकचा ताण जवळपास सारखा होतो आणि चाक आधीपेक्षा मजबूत बनते.

आता अट. मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो, ती खाच आडवी किंवा तिरपी हवी, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच सरळ उभी असेल, तर चेन ताणायला स्प्रिंगची वेगळी चकती लावावी लागते, आणि चिखल धरणारी आणखी एक वस्तू वाढते. अशा वेळी पुढचा डिरेलर तेवढा काढून मागचे सहा-सात गिअर तसेच ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दातांचा हिशेबही आधी करावा. माझ्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात आहेत. पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. सपाट रस्त्यावर हे सुखाचे आहे, पण कर्वे रस्त्याने कोथरूडकडे परतताना गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलीला मी ३८ आणि १८ दात ठेवले आहेत. एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी साडेपंधरा किलोमीटर. शहरात त्याहून जास्त वेग क्वचितच लागतो. चांदणी चौकासारखा चढ रोजचा असेल, तर मात्र गिअर काढू नयेत.

दोन्हींपैकी कोणतीही निवडली, तरी खर्च करण्याआधी चेन पट्टीने मोजावी. एका पिनच्या मध्यावर शून्य धरले, की १२ इंचांच्या रेघेवर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो १/१६ इंच पुढे असेल तर चेन बदलावी, १/८ इंच पुढे असेल तर चक्रेही झिजली आहेत असे समजावे. सीटचा दांडा गंजून फ्रेममध्ये जाम झाला असेल, तर दुकानदाराने तो बाहेर काढून दाखवल्याशिवाय नवा एकही भाग विकत घेऊ नये.