वेड्यांच्या इस्पितळांचे जुने अहवाल: फुकट आहेत, पण रकाने जपून वाचा

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय अहवालांचा संग्रह नेटवर खुला ठेवला आहे. त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग पुण्यातल्या मानसशास्त्र, समाजकार्य आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वापरायलाच हवा. पैसे लागत नाहीत, आणि मुंबई इलाख्याचे वार्षिक अहवाल 1870 च्या दशकापासून सापडतात: कुलाबा, पुणे, धारवाड, रत्नागिरी, अहमदाबाद, शिवाय सिंधमधलं हैदराबाद.

शोधताना पुण्याचं इंग्रजी अमदानीतलं स्पेलिंग, म्हणजे 'पूना', टाकायचं. 'मेंटल' शब्दाने फारसं हाती लागत नाही. 'लुनॅटिक' आणि 'इन्सेन' हे दोन्ही वेगवेगळे टाकून बघा. येरवड्याचं मनोरुग्णालय विसाव्या शतकातलं आहे, त्यामुळे या अहवालांत पुण्याचं नाव दिसलं की ते येरवडाच असं धरू नका. तक्त्यातला आकडा वापरण्याआधी मूळ पानाच्या चित्रावर ताडून घ्यावा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात 3 चा 8 सहज होतो.

टक्केवारी उचलताना छेद पाहा. वर्षात 100 जणांवर उपचार झाले, रोजची सरासरी 50 आणि मृत्यू 10 असतील, तर एका हिशेबाने मृत्यूचं प्रमाण 10 टक्के, दुसऱ्याने 20. छेद न सांगता दोन इस्पितळांची तुलना केलेला प्रबंध कुठल्याही मार्गदर्शकाने परतच पाठवावा.

सगळ्यात फसवा रकाना वेडाच्या कारणाचा. 1858 च्या 36 व्या कायद्यानुसार भटकणाऱ्या वेड्याला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत आणि डॉक्टरच्या दाखल्यावर तो इस्पितळात जाई. सोबत पोलिसांकडचं वर्णनपत्रक. त्यात 'गांजा' लिहिलेलं असलं की तेच पुढे रजिस्टरमध्ये आणि तिथून वार्षिक तक्त्यात उतरे. नातेवाईक जवळ नसलेल्या माणसाची हकिगत विचारणार कोणाला? गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या 1893-94 च्या सरकारी हेम्प ड्रग्ज कमिशनने 1892 सालचे असे रुग्ण एकेक करून तपासले, तेव्हा बऱ्याच नोंदींना आधारच निघाला नाही. कमिशनचा अहवालही याच संग्रहात आहे. तो आधी वाचावा, मग कारणांचे तक्ते उघडावेत. उलट क्रमाने गेलात तर गांजाचे ठळक आकडे डोक्यात बसतात आणि निघता निघत नाहीत.

सुधारणेचा इतिहास शिकवताना आपल्याकडे पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात वेड्यांच्या काढलेल्या साखळ्या आणि 1839 मध्ये लंडनजवळच्या हॅनवेलच्या इस्पितळात डॉक्टर जॉन कोनॉलीने बंद केलेली बंधनं एवढ्यावर तास संपतो. इथले अहवाल त्यापुढचं दाखवतात. 1796 साली सुरू झालेल्या इंग्लंडमधल्या यॉर्कच्या 'रिट्रीट' या वेड्यांच्या इस्पितळात काम हा उपचाराचा भाग होता. इथल्या अहवालांत बागकाम आणि विणकाम हिशेबाच्या तक्त्यात येतं, उत्पन्न म्हणून. शब्द सुधारणेचे, मोजमाप खर्चाचं. हे पहिल्या हाताने वाचायला मिळणं, हाच या संग्रहाचा खरा फायदा.

रुग्णांचं स्वतःचं म्हणणं मात्र इथे जवळजवळ नाही. अहवालामागचा सरकारी पत्रव्यवहार हवा असेल तर पेशवे दफ्तरात हेलपाटा घालू नका. मुंबई सरकारच्या कागदांसाठी मुंबईचं राज्य पुरालेखागारच गाठावं लागतं. जाण्याआधी अहवालातून इस्पितळाचं नाव, साल आणि सरकारी ठरावाचा क्रमांक टिपून घ्या.